'डिड यू वेन्ट'ला हसण्यापूर्वी

आपल्या देशात एखाद्याचे हिंदी चुकले तर गंमत होते, मराठी चुकले तर तो बाहेरचा ठरतो, पण इंग्रजी चुकले तर थेट त्याची अक्कल काढली जाते. नोकरीची मुलाखत असो, कॉलेजचा वर्ग असो की लग्न जमवण्याची बैठक असो, न्याय सगळीकडे हाच. 'डिड यू वेन्ट?', 'शी डझन्ट वर्क्स हिअर', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असे एखादे वाक्य तोंडातून निघाले की समोरच्याच्या ओठांवर बारीकसे हसू उमटते. ते बोलणाऱ्याला दिसते. पुढच्या वेळी तो बोलतच नाही.

हिंदीवाल्यांच्या इंग्रजीवर हसण्याची आपल्याला जुनी सवय आहे. 'नमक हलाल' (१९८२) मधला अमिताभचा इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आठवून आजही लोक खिदळतात. मुंबईचे कवी निसिम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता कॉलेजात शिकवली जाते. तिच्यातला सगळा विनोद आपल्या 'आय ॲम… इंग' छापाच्या वाक्यांवर उभा आहे. कविता चांगली आहे, प्रसंगही मजेचा आहे. हसायला माझी हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हसतो, पण हा माणूस असे का बोलतो, हा प्रश्न आपण विचारत नाही. शाळेतही विचारत नाही, घरातही नाही.

हा प्रश्न उत्तर प्रदेश किंवा बिहारपुरता नाही. २०११च्या जनगणनेत ५२ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा हिंदीखाली मोजली गेली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू सांगितली. बोलण्यातल्या उर्दूचे आणि हिंदीचे व्याकरण जवळजवळ एकच आहे. लिपी वेगळी, काही शब्द वेगळे, पण क्रियापद तेच. म्हणजे भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, औरंगाबाद, परभणीच्या मोहल्ल्यांत वाढणारे पोर घरी जी भाषा बोलते, तिचे क्रियापद कानपूरच्या पोरासारखेच चालते. कोकणी मुसलमानांची घरची बोली निराळी, हे खरे. पण उर्दू शाळेत गेलेल्या कोकणी मुलालाही हीच वाट आहे. म्हणून हिंदीवाल्यांच्या चुका म्हणजे आपल्याच लेकरांच्या चुका आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. या चुका अडाणीपणाच्या नाहीत. त्या हिंदी-उर्दूच्या व्याकरणातून येतात, आणि ज्याला आपली भाषा पक्की येते तोच त्या इतक्या नियमाने करतो. चूक नियमाने होत असेल, तर ती नियमाने दुरुस्तही करता येते. त्यासाठी मुलाची घरची भाषा वर्गाबाहेर हाकलण्याऐवजी वर्गात बोलवावी लागेल.

खूण एकदा की दोनदा

चुकांचा सगळ्यात मोठा ढीग साहाय्यक क्रियापदांपाशी सापडतो. 'इज', 'ॲम', 'आर', 'वॉज', 'हॅव', 'हॅड', 'डू', 'डझ', 'डिड', 'कॅन', 'शुड', 'मस्ट' ही ती मंडळी. दिसायला चिमुकली, पण इंग्रजी वाक्याचा सगळा कारभार यांच्या हाती असतो.

हिंदीत 'लड़के जाते थे' हे वाक्य घ्या. मुलगे अनेक आहेत हे 'जाते' सांगते आणि तेच 'थे' पुन्हा सांगते. 'लड़की जाती थी' म्हणा, दोन्हीकडे 'ई' आली. 'वह गया था' म्हणा, 'गया'ही मागच्या काळातला वाटतो आणि 'था'ही. हिंदीत मुख्य क्रियापद आणि साहाय्यक क्रियापद दोघेही नटून बाहेर पडतात.

इंग्रजीचा हिशेब कंजूष आहे. काळाची किंवा 'तो-ती'ची खूण एकाच क्रियापदावर लागते, आणि ते क्रियापद रांगेत पहिले असते. 'ही वेन्ट' मध्ये क्रियापद एकच आहे, म्हणून खूण त्याच्यावर. प्रश्न विचारायला 'डिड' आला की खूण तो घेतो आणि मागचे क्रियापद साधे 'गो' होते. 'शी वर्क्स' मधला 'स' 'डझ' आला की 'डझ'कडे जातो आणि मागे 'वर्क' उरते. 'कॅन' आला तर 'स' पूर्णच गळतो: 'शी कॅन वर्क'.

आता चुका बघा. 'डिड यू वेन्ट', 'आय डिडन्ट केम', 'शी डझन्ट वर्क्स', 'ही कॅन स्पीक्स'. दिसायला चार चुका आहेत, पण मुळात एकच. खूण दोनदा लागली आहे, कारण घरच्या भाषेने दोनदा लावायला शिकवले आहे. मुलाला चार नियम चार वेळा पाठ करायला लावण्यापेक्षा 'बेटा, इंग्रजीत ठप्पा एकदाच मारायचा, आणि पहिल्यावर मारायचा' एवढे सांगितले, तर चारही चुकांचे मूळ त्याला कळते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही चूक फक्त आपली नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही 'डिडन्ट वेन्ट' बोलून जातात. पण त्यांच्या कानावर दिवसभर बरोबर रूप पडत राहते, म्हणून ती चूक वयाबरोबर झडते. आपल्या मुलाला इंग्रजी भेटते ते शाळेच्या तासापुरते. बाकीचा सगळा वेळ त्याच्या डोक्यात घरचे व्याकरण चालू असते. त्यामुळे जे तिथे आपोआप होते, ते इथे शिकवावे लागते.

'क्या'ची चुकीची ओळख

या चुकीला शाळेचाही हातभार आहे. हिंदी-उर्दू माध्यमाच्या मुलांना प्रश्नार्थक वाक्य शिकवताना एक ठरलेले सूत्र दिले जाते: वाक्य 'क्या'ने सुरू झाले तर 'डू, डझ, डिड' लावा. मुलाच्या मनात 'डिड' म्हणजे 'क्या' असे समीकरण बसते. आणि 'क्या' हा तर नुसता प्रश्न लावणारा शब्द. त्याला काळ नाही, वचन नाही, लिंग नाही. 'तुम गए' चे 'क्या तुम गए?' करताना 'गए'ला कोणी हात लावत नाही. मराठीतही तसेच: 'तू गेलास', 'तू गेलास का?'. मग मुलाने 'यू वेन्ट'च्या आधी 'डिड' चिकटवला, तर त्याने शिकवल्याप्रमाणेच केले ना?

नंतर शिक्षक सांगतात, 'डिड के साथ फर्स्ट फॉर्म.' मुलगा तेही पाठ करतो. पेपरात रिकाम्या जागा बरोबर भरतो, कारण तिथे विचार करायला वेळ असतो. बोलताना मात्र पाठांतर मागे पडते आणि समीकरण पुढे येते. दहावीला इंग्रजीत बरे गुण मिळवलेला मुलगा मुलाखतीत 'डिड यू वेन्ट' का म्हणतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. त्याला 'डिड' म्हणजे 'क्या' नव्हे, तर 'गए'मधला गेलेला काळ बाहेर काढून पुढे उभा केला आहे, हे कोणी सांगितलेच नाही.

गंमत म्हणजे हा 'डू' इंग्रजीतही फार प्राचीन नाही. शेक्सपिअरच्या काळात 'डू' न लावता, क्रियापद पुढे आणून प्रश्न विचारणे किंवा क्रियापदामागे 'नॉट' लावणे सर्रास चाले. 'डू'ची सक्ती त्यानंतर हळूहळू पक्की झाली. आज जी रीत न पाळल्याबद्दल आपण पोरांना हसतो, ती रीत शेक्सपिअरही नेहमी पाळत नव्हता.

'है' कुठे येतो, कुठे गळतो

'मैं जाता हूँ' याचे इंग्रजी अनेक मुले 'आय ॲम गो' असे करतात. शिक्षक कपाळाला हात लावतात. पण हिंदीत साध्या वर्तमानकाळाचे वाक्यही 'हूँ', 'है', 'हैं' घेतल्याशिवाय पुरे होत नाही. 'हूँ' म्हणजे 'ॲम' हे मुलाने पहिल्याच धड्यात शिकलेले असते. मग 'हूँ' दिसला आणि त्याने 'ॲम' लिहिला. मराठीत 'मी जातो' एवढ्यावर वाक्य संपते, 'आहे' लागत नाही. म्हणून ज्या मुलाला घरची हिंदी आणि बाहेरची मराठी दोन्ही येतात, त्याला हे समजावणे सोपे आहे: इथे इंग्रजी मराठीसारखी चालते, हिंदीसारखी नाही. आपल्या मुलांकडे ही दुसरी किल्ली आहे, पण उर्दू शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला मराठीची आठवण कोणाला होते?

याच्या उलट चूकही होते. 'ही नॉट कमिंग' मध्ये 'इज' गायब. निष्काळजीपणा म्हणून मुलाला ओरडा बसतो. पण हिंदीत 'वह आ रहा है' याचा नकार 'वह नहीं आ रहा' असा होतो. 'नहीं' आले की 'है' बहुधा गळून पडते. मुलाने हिंदीचा बारीक नियम इंग्रजीत नेला आहे, आणि हा नियम हिंदीच्या शिक्षकालाही पटकन सांगता येणार नाही.

'आय ॲम हॅविंग फीवर', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' ही आणखी एक जात. हिंदीत 'समझ में नहीं आ रहा', 'मुझे लग रहा है' ही रोजची बोली आहे. मनातल्या गोष्टीलाही हिंदी 'रहा है' लावते. इंग्रजी 'नो', 'लाइक', 'अंडरस्टँड', मालकीचा 'हॅव' अशा क्रियापदांना सहसा 'इंग' लावत नाही.

काल, दहा वर्षांपासून, आणि 'था'

काळाच्या बाबतीत मराठी आणि हिंदी दोघी बहिणी एकत्र आहेत, म्हणून इथल्या चुका मराठी माणूसही तितक्याच करतो. 'मैं दस साल से यहाँ रह रहा हूँ', 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो आहे'. दोन्हींत वर्तमानकाळ. त्याचे सरळ इंग्रजी होते 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. इंग्रजीला मात्र मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीसाठी 'हॅव बीन' लागतो, आणि मोजलेल्या मुदतीला 'सिन्स' ऐवजी 'फॉर'. बायोडेटात आणि मुलाखतीत हे वाक्य हमखास येते, कारण 'किती वर्षांपासून काम करता?' हा प्रश्न हमखास असतो. पहिल्याच उत्तरात ठेच लागते.

दुसरी जागा 'हॅड'ची. 'मैं पिछले हफ़्ते पुणे गया था', 'मी मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो'. 'था' आणि 'होतो' पाहून आपण 'आय हॅड गॉन टू पुणे लास्ट वीक' म्हणतो. आपल्या भाषांत 'था' लावायला दुसऱ्या घटनेची गरज नसते. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटले की ऐकणारा थांबतो: बरं, तुम्ही गेला होता, मग त्यानंतर काय झाले? त्याला दुसरी घटना हवी असते. इथे नुसते 'आय वेन्ट' पुरते. ही चूक आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांतही सापडते, म्हणून तिला कोणी हसत नाही. एकूण चूक किती मोठी, हे व्याकरण कमी आणि बोलणाऱ्याचे कपडे जास्त ठरवतात.

अदब हरवते तेव्हा

व्याकरणाच्या पुस्तकात क्वचित सापडणारी एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उर्दू-हिंदीची अदब क्रियापदात असते. 'दे', 'दो', 'दीजिए', 'दीजिएगा' अशी पायरी पायरीने नम्रता वाढते. ज्या घरात मुलाला 'आप' आणि 'दीजिए' शिकवले जाते, तो मुलगा इंग्रजीत 'गिव्ह मी द फॉर्म' म्हणतो आणि उद्धट ठरतो. त्याच्या मनात 'दीजिए' आहे, पण 'इए'ला इंग्रजीत उतरायला जागाच मिळाली नाही. इंग्रजीची अदब 'कुड यू', 'वुड यू', 'मे आय' या साहाय्यक क्रियापदांत असते. ती मुलाला शिकवली जाते भूतकाळाच्या रूपांची यादी म्हणून: 'कॅनचा भूतकाळ कुड'. अदब म्हणून शिकवली जात नाही.

कोकणातून आखाती देशांत कामाला गेलेल्या आपल्या माणसांच्या वाट्याला हे रोज येते. कामात हुशार आणि स्वभावाने नम्र माणूस साहेबाला उर्मट वाटतो. तफावत फक्त 'दीजिए' आणि 'कुड यू' यांच्यामधली असते. ही अदब भरून काढायला आपण मग प्रत्येक वाक्यात 'सर', 'प्लीज' आणि 'काइंडली' पेरतो, आणि पुन्हा हसू ओढवून घेतो.

नकारार्थी प्रश्नाचा घोटाळा याहून गंभीर आहे. 'आपने खाना नहीं खाया?' याला आपले उत्तर, 'जी हाँ, नहीं खाया.' मराठीतही 'हो, नाही जेवलो.' आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. इंग्रजीत न जेवलेल्या माणसाने 'नो' म्हणायचे असते, 'नो, आय हॅवन्ट'. ऑपरेशनआधी डॉक्टर इंग्रजीत विचारतो, सकाळपासून काही खाल्ले नाही ना? रुग्ण 'येस' म्हणतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा? वकिलाच्या उलटतपासणीतही असाच प्रश्न येऊ शकतो. म्हणून नुसते 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नये, पुढे साहाय्यक क्रियापद लावून उत्तर पुरे करावे, 'आय हॅव' किंवा 'आय हॅवन्ट', हे मुलांना शिकवलेच पाहिजे. इथे प्रश्न हसण्याचा नाही, जिवाचा आणि न्यायाचा आहे.

चूक कोणती, रीत कोणती

मग सगळेच दुरुस्त करायचे का? नाही. 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' हे आपल्या 'है ना?'चे आणि 'ना?'चे इंग्रजी रूप आहे. फ्रेंचमध्येही असा एकच शेपटीचा प्रश्न सगळ्या वाक्यांना चालतो, आणि फ्रेंच माणसाला त्याबद्दल कोणी अडाणी म्हणत नाही. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 'द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश' (१९८३) या पुस्तकात भारतातल्या इंग्रजीला तिची स्वतःची चाल आहे, हे मांडले. भाषा दुसऱ्या घरी गेली की तिथले पाणी पिते. मराठीतला 'नको' दखनीत 'नक्को' होऊन बसला. फारसी-अरबीतून आलेले अर्ज, वकील, फिर्याद, दाखला, कायदा यांच्याशिवाय मराठी कचेरी चालत नाही. यातल्या कोणत्या शब्दाला आपण चूक म्हणतो?

तरीही मी त्या मंडळींच्या बाजूचा नाही जी म्हणतात, 'व्याकरण सोडा, आत्मविश्वास असला की झाले.' हे बोलणाऱ्यांचे स्वतःचे इंग्रजी बहुधा कॉन्व्हेंटचे असते. उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार मुख्यतः इंग्रजीत चालते. वैद्यकीय, अभियांत्रिकी, मोठ्या कंपन्या, सगळीकडे दाराशी इंग्रजी उभी आहे. गरिबाच्या मुलाला 'तुझी चूक ही तुझी अस्मिता आहे' असे सांगणे म्हणजे त्याला दाराबाहेरच ठेवणे. 'इझन्ट इट' चालेल. 'डिड यू वेन्ट' आणि 'ही नॉट कमिंग' चालणार नाही. हा फरक मुलाला सांगणे हा त्याचा अपमान नाही, त्याचा हक्क आहे.

आणि मी त्या दुसऱ्या मंडळींच्याही बाजूचा नाही, जी मातृभाषेचा एक शब्द बोलला तर दंड लावतात. असा दंड घेणाऱ्या शाळा आजही आहेत. मुलाची जीभ बांधली म्हणून डोक्यातले व्याकरण बदलत नाही. ते फक्त लपून बसते आणि नेमके मुलाखतीच्या दिवशी बाहेर येते.

आपलेच विसरलेले

स्वतःच्या भाषेतून परके ज्ञान शिकण्याची आपली परंपरा लहान नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दिल्ली कॉलेजात पाश्चात्त्य गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली सायंटिफिक सोसायटी काढली ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी, आणि त्याच माणसाने १८७५ साली अलीगढला इंग्रजी शिक्षणाची शाळा काढली. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, आणि तिथली मुले उर्दूतून उच्च शिक्षण घेत असताना इंग्रजीही शिकत होती. मराठीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य बांधायचे, ही तिची रीत. पुढे शाळाबाहेरच्या माणसांसाठी रॅपिडेक्सचा कोर्स आला, कपिल देव ज्याची जाहिरात करत. तोही मातृभाषेतूनच इंग्रजी शिकवायचा.

ही पद्धत बदनाम झाली, कारण ती घोकंपट्टीत अडकली. नुसती भाषांतरे उरली आणि दोन भाषा शेजारी ठेवून 'बघ, इथे तुझी भाषा असे करते, ती तसे करते' हे सांगणे राहून गेले. १९६७ साली पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने विद्यार्थ्याच्या चुका हा त्याच्या डोक्यात घडत असलेल्या नियमांचा पुरावा आहे, असे मांडले. आपल्या शिक्षकांपर्यंत हा विचार अजून फारसा पोहोचलेला दिसत नाही. आपल्याकडे चूक दिसली की लाल फुली, आणि फुलीशेजारी कारण कोणी लिहीत नाही.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. म्हणजे त्या वर्षी शाळेत गेलेला मुलगा दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकला. दहा वर्षांत त्याला 'डिड'ची खूण कळली नसेल, तर दोष त्याच्या मेंदूचा आहे का?

दोष आपल्या समाजाचाही आहे. उर्दू बचावच्या जलशात मोठमोठी भाषणे करणाऱ्या अनेकांची मुले इंग्रजी शाळेत असतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की उर्दू शाळेत उरलेल्या मुलांच्या इंग्रजीची चौकशी ते कधी करत नाहीत. दुसरीकडे गरीब बाप पोटाला चिमटा काढून मुलाला गल्लीतल्या स्वस्त 'इंग्लिश मीडियम'मध्ये घालतो, जिथे शिकवणाऱ्या बाईच 'डिड यू वेन्ट' विचारतात, कारण त्यांनाही कोणी समजावून सांगितलेले नसते. मुलाची उर्दू जाते, मराठी येत नाही, इंग्रजी अर्धी राहते. आणि अनेक घरांत मुलासाठी फी भरली जाते, मुलगी मात्र जवळच्या उर्दू शाळेतच राहते. ती हुशार निघते, दहावीला त्याच्याहून जास्त गुण मिळवते, कॉलेजात जाते आणि तिथे पहिल्या महिन्यात एकदा तिच्या इंग्रजीला हसले जाते. त्यानंतर तीन वर्षे ती वर्गात हात वर करत नाही. या गप्प बसलेल्या मुलींचा हिशेब कोणत्या जनगणनेत येणार?

काय करता येईल, याला सरकारी योजनेची वाट पाहायला नको. उर्दू आणि हिंदी शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखावेत. डावीकडे 'क्या तुम गए?', उजवीकडे बरोबर इंग्रजी वाक्य, आणि काळाची खूण कुठून कुठे गेली तिथे खडूने बाण. 'दीजिए'समोर 'कुड यू'. 'नहीं आ रहा'समोर 'इज नॉट कमिंग', आणि गळलेल्या 'है'च्या जागी गोल. मराठी येणाऱ्या मुलांनी तिसरा रकाना भरावा. एका महिन्यात दहा वाक्ये झाली तरी पुष्कळ. मशिदीशेजारच्या अभ्यासिकेत, मोहल्ल्यातल्या संध्याकाळच्या क्लासमध्ये, ज्यांना बरे इंग्रजी येते अशा कॉलेजच्या मुलामुलींनी हे करता येण्यासारखे आहे. त्यासाठी इमारत लागत नाही, फळा लागतो.

आणि ज्यांना शिकवणे जमणार नाही, त्यांनी एवढे तरी करावे: कोणी 'डिड यू वेन्ट?' विचारले तर आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. तो कुठे गेला होता, कधी गेला होता हे विचारत होता. व्याकरण नंतर, एकांतात, कारण सांगून.